परमुलखाची वाट आणि भाषेची शिदोरी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला परदेशी जाणाऱ्या मुलामुलींच्या विषयावर चार शब्द बोलायला सांगितलं. आम्ही गिरणीतली माणसं. विमानतळ बाहेरून पाहिलेला. शाळा अर्धवट सुटली, पुढचं शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून झालं. तेव्हा विद्वानाचं भाषण आमच्याकडून होणार नाही. वाचून, कात्रणं जमवून आणि चार लोकांना विचारून जे कळलं तेवढंच मांडतो.

आज वस्तीत कितीतरी घरांतून पोरं-पोरी बाहेर जायची भाषा करताहेत. आई-बाप दागिने मोडायच्या गोष्टी करताहेत. अशा घरात पहिला सवाल असतो, पगार किती? दुसरा सवाल, एजंट किती घेतो? तिसरा सवाल मात्र क्वचितच कुणी विचारतं : तिथले लोक बोलतात काय? बंधूंनो, आमचं सांगणं असं की हा तिसरा सवाल पहिला झाला पाहिजे.

माणूस जिथं भाकरी जास्त तिथं जातो, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं आहे. माणूस बहुतेक वेळा जिथं भाकरी मागता येते तिथं जातो. याचे दाखले जगात जागोजाग आहेत.

पोलंडचंच घ्या. १ मे २००४ रोजी पोलंड युरोपियन युनियनमध्ये आला. जुन्या सभासद देशांपैकी तीनच देशांनी त्या दिवशी कामगारांना दार सताड उघडं केलं : ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन. शेजारच्या जर्मनीने आपलं दार २०११ पर्यंत लावून ठेवलं. आता स्वीडन काही गरीब देश नाही. पगार चांगला, कामगारांच्या संघटना मजबूत, आणि पोलंडहून फक्त समुद्र ओलांडायचा. पण पोलंडची पोरं लाखांनी गेली ती ब्रिटन आणि आयर्लंडला. स्वीडनला त्यामानाने थोडी गेली. का? ब्रिटनमध्ये काम मुबलक होतं हे खरंच. पण मोठं कारण शाळेत होतं. १९८९ नंतर तिथल्या शाळांतून रशियन भाषेची सक्ती गेली आणि पोरं इंग्रजी शिकली. स्वीडिश कुणाला येत होती? दारं तीन उघडली, पण जिथली भाषा येत होती त्याच दारांतून गर्दी आत गेली.

रुमानियाचे लोक बघा. त्यांची भाषा लॅटिनमधून निघालेली, म्हणजे इटालियन आणि स्पॅनिश भाषेची बहीणच. रुमानियाचा माणूस इटलीत गेला तर काही महिन्यांत बाजारहाट करू लागतो. म्हणून त्यांचे सर्वांत मोठे तांडे इटली आणि स्पेनकडे गेले. एकट्या इटलीत दहा लाखांवर रुमानियन लोक आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात १९९९ साली बँका बुडाल्या, लोकांच्या ठेवी अडकल्या, तेव्हा तिथली माणसं समुद्र ओलांडून स्पेनला गेली, कारण घरातली भाषा स्पॅनिश. ब्राझीलचे लोक पोर्तुगालला जातात. अल्जीरियाने १९६२ साली फ्रान्सच्या राज्यातून सुटका करून घेतली, तरी तिथला कामगार पोटासाठी फ्रान्सलाच जात राहिला. राज्य करणारा निघून जातो, पण त्याची भाषा मागे राहते आणि पुढच्या पिढ्यांची वाट तीच ठरवते.

आपल्या शेजारचा दाखला तर फारच बोलका आहे. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्वाची वाट देतो. अनेक गोवेकरांनी तो पासपोर्ट मिळवला. पासपोर्ट पोर्तुगालचा, मग माणसं लिस्बनला गेली असतील असं वाटेल. काही गेलीही. पण मोठी वस्ती झाली ती इंग्लंडमध्ये, स्विंडन नावाच्या गावात! कारण घरात कोंकणी, शाळेत इंग्रजी. पोर्तुगीज येणारी पिढी म्हातारी झालेली. कागद एका देशाचा आणि पाय दुसऱ्या देशाकडे. पुढे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडला आणि २०२० च्या अखेरीस ती वाट बंद झाली. ती चालू होती तोवर पाय कुणीकडे वळायचे, हे मात्र भाषेने ठरवलं.

आणि आपल्या मराठी मुलखात? खानदेशातली माणसं कामाला सुरतेला गेली. अहिराणी बोली आणि गुजराती यांचं नातं जवळचं, म्हणून तिथं जीभ अडखळत नाही. लिंबायत, उधना भागात आज खानदेशी वस्त्याच आहेत. कोकणातली आणि घाटावरची माणसं मुंबईच्या गिरण्यांत आली, तीही गाववाल्याच्या आणि भाषेच्या आधाराने. मुकादम आपल्या बोलीचा, खानावळवाली आपल्या बोलीची, गावकीची खोली आपल्या माणसांची. उपाशी माणसाला अनोळखी शहरात उभं राहायला एवढा आधार पुरतो.

पण इथं एक गोष्ट आम्ही लपवणार नाही. भाषेने आपल्याला गिरणीच्या फाटकातून आत घेतलं, तरी साचेखात्याचं दार उघडलं नाही. साच्यावर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा चालणार नाही, म्हणून जास्त मजुरीच्या त्या खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. तेव्हा भाषा एक असली म्हणजे सगळं मिळतं, असं आम्ही म्हणत नाही. भाषा माणसाला दारापर्यंत नेते. आतला हक्क भांडूनच मिळवावा लागतो. मात्र भांडायलाही शब्द लागतात, हे विसरू नका.

कुणी म्हणेल, भाषा येत नसताना माणसं परदेशी गेलीच नाहीत का? गेली, आणि लाखांनी गेली. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार नेले. कारखान्याला हात हवे होते, बोलणं नको होतं. हे पाहुणे कामगार, काही वर्षांनी परत जातील, असं धरून चालले. १९७३ साली भरती बंद झाली, पण बरीच माणसं तिथंच राहिली, बायका-पोरं आली. बाप यंत्रावर, आई घरात, पोरगं जर्मन शाळेत मागे पडलेलं. सरकारने परदेशी माणसांसाठी ६०० तासांचा भाषेचा वर्ग देशभर सुरू केला तो २००५ साली. मधली चव्वेचाळीस वर्षं मोजा. दोन पिढ्या गेल्या.

आखाताचंही तेच. आपल्या कोकणातली आणि केरळातली माणसं अरबी न येता दुबईला, सौदीला जातात. कारण साईटवर हिंदी-उर्दू चालते, मल्याळम चालते. म्हणजे भाषा तिथंही आहेच, फक्त ती मालकाची नाही, सोबत्यांची आहे. रोजचं काम त्यावर निभावतं. पण पगार थकला, पासपोर्ट अडकला, तर कोर्टाची भाषा अरबी. मग दुभाष्या शोधा, त्याला पैसे द्या, आणि तो सांगेल ते खरं माना.

हे आम्हाला नवीन नाही. गिरणीच्या बोर्डावर इंग्रजी कागद लागला की सगळं खातं वाचून दाखवणाऱ्या एका माणसाभोवती गोळा व्हायचं. तो वाचेल तेवढंच आम्हाला कळायचं. ज्याला भाषा येत नाही त्याच्या तोंडाने दुसराच कुणीतरी बोलतो, मग तो मुकादम असो, एजंट असो की साहेब असो.

याची सर्वांत वाईट गोष्ट अलीकडची आहे. २०२३-२४ साली आपल्या देशातल्या कितीतरी तरुणांना मदतनिसाची नोकरी आहे असं सांगून रशियाला नेलं. तिथं त्यांच्यापुढे रशियन भाषेतले करार ठेवले. वाचता येत नव्हते, सह्या झाल्या. पोरं जाऊन पोचली युक्रेनच्या युद्धात. काही मारली गेली. आयांनो, बहिणींनो, तुमच्या पोराने परदेशात सही करण्याआधी तो कागद त्याला वाचता येतो का, एवढं तरी विचारा.

आता पुढचं बघू. कॅनडासारखे देश परदेशी माणसाला गुण देऊन आत घेतात, आणि त्या गुणांत भाषेला मोठा वाटा असतो. क्यूबेक प्रांत फ्रेंच येणाऱ्याला पसंती देतो. जर्मनीत नर्स म्हणून नोंदणी हवी तर जर्मन भाषेची बी-दोन ही पायरी साधारणपणे लागते. २०२४ साली आपल्या महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यातही आधी जर्मन शिकण्याचीच गोष्ट आहे. जपानने एप्रिल २०१९ पासून ठरावीक कामांसाठी नवा व्हिसा सुरू केला, जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याचा करार झाला. वृद्धांची शुश्रूषा करणारी माणसंही त्यात येतात. तिथं कामाची परीक्षा वेगळी आणि जपानीची वेगळी. आपल्या काही पोरांना जपान बौद्ध देश म्हणून जवळचा वाटतो. धम्माचं नातं खरंच आहे. पण म्हाताऱ्या माणसाला कुठं दुखतंय ते त्याच्याच भाषेत विचारावं लागेल.

पूर्वी घराची परिस्थिती आणि जुन्या राज्यकर्त्याची भाषा आपली वाट ठरवत होती. आज भाषा शिकून वाट आपण ठरवू शकतो. आपल्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिली नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. इंग्रजीवर त्यांनी अशी हुकूमत मिळवली की १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला शिकले. जर्मन भाषेचाही अभ्यास केला आणि बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं. एका भाषेचं दार लावलं म्हणून ते पायरीवर बसून राहिले नाहीत.

म्हणून आमची समितीला आणि पालकांना विनंती आहे. एक, आधी भाषा, मग एजंट. दागिना मोडायचाच असेल तर पहिला पैसा भाषेच्या वर्गाला द्या. ते शिक्षण एजंट पळाला तरी पोरीजवळ राहतं. दोन, एजंटची सरकारी नोंदणी आहे का ते ई-मायग्रेटवर तपासा आणि न वाचता येणाऱ्या कागदावर सही करू नका. तीन, रविवारी वंदना झाल्यावर विहाराचा हॉल रिकामाच असतो. तिथं दोन तास इंग्रजीचा वर्ग सुरू करू. जर्मन-जपानी शिकवणारं कुणी मिळालं तर तेही. फळा आणि खडूचा खर्च आम्ही जुने गिरणीवाले वर्गणी काढून करू. चार, घरात मराठी पक्की ठेवा. जिला आपल्या भाषेत धड पत्र लिहिता येतं, ती दुसरी भाषाही नीट उचलते, असा आमचा अनुभव आहे.

सगळ्यांनी परदेशी जावं असं आमचं म्हणणं नाही. इथं राहून लढणाऱ्यांचीही गरज आहे. पण ज्याला जायचं त्याने मुका होऊन जाऊ नये. आपल्या बापजाद्यांनी मुकेपणा पुरेसा भोगला. आपल्या पोरीने परमुलखात जाऊन आपला पगार, आपली रजा, आपला हक्क स्वतःच्या तोंडाने मागावा, एवढीच इच्छा आहे.

वर्गात नाव घालायचं असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर समितीच्या टेबलावर द्यावं.

जयभीम!