वाळवंटातला टोमॅटो



टोमॅटोला आपल्याकडे कोणी बेलवांगे म्हणतात, वऱ्हाडात भेदरे म्हणतात. हे पीक जोधपूरकडच्या मरुभूमीतही निघते. वर्षाचा पाऊस तिथे साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, आणि मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर. मग हे जमते कसे?

तुम्ही म्हणाल, पाणी भरपूर दिले की झाले! तसे नाही. उन्हाने झाड सहसा मरत नाही. मरतो तो फुलातला पराग. दिवसाची उष्णता ३५ अंशांपुढे आणि रात्रीची २४ अंशांपुढे राहू लागली की पराग निकामी होतो. ही इजा फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधी, कळीतच होते. म्हणून झाड हिरवेगार दिसते, फुलते, आणि फुले देठासकट गळतात. शेतकरी बिचारा आणखी पाणी सोडतो, वर खत देतो. पैसा जातो आणि विहिरीतले गोडे पाणीही जाते. मरुभूमीत अनेक विहिरी मचूळ, तिथे गोड्या पाण्याचे मोल काय सांगावे!

जोधपूरला जूनमधली रात्रसुद्धा २७-२८ अंशांची असते. जाळीची सावली दुपारचे ऊन तोडते, पण रात्र काही थंड करीत नाही. तेव्हा साधायची ती वेळ. ऑगस्ट-सप्टेंबरात रोपे टाकून हिवाळ्यात फळ घ्यावे. किंवा थंडीचा कडाका ओसरताच लागण करून एप्रिलच्या आत फळ धरवावे. हिवाळ्यात एखाद्या रात्री दहिवर गोठते, त्या रात्री रोपे झाकावी लागतात.

पाणी थोडे, पण नेमाने द्या. आठवडाभर कोरडे आणि मग एकदम पूर, असे झाले की फळाचे बूड काळे पडते. तो रोग नव्हे, औषध मारून जात नाही. फळाला चुना कमी पोचलेला असतो. झाडाशेजारी झिलई न दिलेले मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, की पाणी मुळाशी पाझरत राहते. वर बाजरीचे सरमाड पसरावे.

गुरुजी, खानदेश-मराठवाड्यातही उन्हाळ्यात हाच प्रश्न येतो. फेब्रुवारीपासून मुलांकडून पहाटेचे तापमान फळ्यावर लिहवून घ्या. आकडा २४ च्या जवळ येऊ लागला की गावाला कळवा; नवी लागण तिथेच थांबवावी.

आणि एक. ३० अंशांपुढे फळाला लाली नीट चढत नाही, ते पिवळट राहते. गुलाबी झाक दिसताच तोडून घरात सावलीला पिकवा.