कथालेखनाचे शिक्षण आणि कुंभकोणम्

विद्यार्थ्याला कथा लिहिण्यास शिकविता येते काय, हा प्रश्न भाषाशिक्षकांपुढे नेहमीच उभा असतो. त्याचे उत्तर नियमांच्या यादीत शोधण्याऐवजी एका नगराच्या वाङ्मयीन इतिहासात शोधणे अधिक उपयुक्त ठरेल. कावेरीकाठचे कुंभकोणम् हे ते नगर होय. महाराष्ट्राला ते अगदीच परके नाही. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ साली तेथील एका मराठी कुटुंबात जन्मले.

विसाव्या शतकात या नगराने तमिळ लघुकथेला अनेक लेखक दिले. न. पिच्चमूर्ती आणि कु. प. राजगोपालन् हे दोघे मित्र तेथलेच. १९३३ साली सुरू झालेले ‘मणिक्कोडि’ हे नियतकालिक पुढे बी. एस. रामय्या यांच्या संपादकत्वाखाली लघुकथेचे प्रमुख व्यासपीठ बनले. त्यात या दोघांच्या कथा येत असत. त्यांच्यामागून आलेले ति. जानकीरामन् कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयाचे विद्यार्थी होते आणि राजगोपालन् यांना ते गुरुस्थानी मानीत.

यांपैकी कोणालाही कथालेखनाचा वेगळा तास लाभला नव्हता. मग ही विद्या एकाकडून दुसऱ्याकडे गेली कशी? राजगोपालन् यांच्या घरातील एक गोष्ट येथे उद्बोधक आहे. नेत्रविकारामुळे त्यांना काही काळ दिसेनासे झाले, तेव्हा ते कथा तोंडी सांगत आणि त्यांची बहीण सेतु अम्माळ ती उतरवून घेई. पुढे सेतु अम्माळ स्वतः कथालेखिका म्हणून पुढे आल्या. लेखनिकाच्या कामात जे शिक्षण दडलेले आहे, ते कोणत्याही व्याख्यानात मिळत नाही. वाक्य कागदावर येण्याआधी कानावर पडते. सांगणारा कोठे थांबतो, कोणता शब्द मागे घेतो, काय मुळीच सांगत नाही, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात येऊ लागते.

आपल्या शाळांतील प्रघात याहून निराळा आहे. काही मुद्दे देऊन त्यांवरून गोष्ट लिहावयास सांगितले जाते. तिला शीर्षक द्यावयाचे आणि शेवटी तात्पर्य लिहावयाचे. या अभ्यासाने घटनांचा क्रम आणि वाक्यरचना सुधारते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे विद्यार्थ्याला स्वतः काही पाहावे लागत नाही. ज्याच्या घरात हातमाग चालतो, तो मुलगाही लोभी लाकूडतोड्याचीच गोष्ट लिहितो. आपले जगणे लिहिण्याच्या योग्यतेचे नाही, असा समज त्याच्या मनात नकळत रुजतो. ही हानी गुणपत्रिकेत दिसत नाही.

यावर उपाय साधे आहेत. विषय लहान असावा : एक जागा, दोन माणसे आणि त्यांच्यामध्ये न बोलली गेलेली एक गोष्ट. उदाहरणार्थ, पितळी समयांच्या दुकानात भाव विचारून परत फिरणारी बाई. विद्यार्थ्यांनी ही कथा आधी एकमेकांना तोंडी सांगावी, ऐकणाऱ्याने ती लिहून घ्यावी आणि मग मूळ सांगणाऱ्याने ती मोठ्याने वाचावी. वाचताना जेथे जीभ अडखळते, तेथे दुरुस्ती हवी. तात्पर्याचे वाक्य गाळूनही कथा समजते काय, हे शेवटी पाहावे. समजत असल्यास ते वाक्य अनावश्यक होते; समजत नसल्यास उणीव कथेच्या मध्यभागी आहे.

घरची भाषा निराळी असलेल्या विद्यार्थ्यांना यातून वगळू नये. कुंभकोणमचेच एम. व्ही. वेंकटराम यांची मातृभाषा सौराष्ट्री, त्यांचा व्यवसाय रेशमाचा. तरी ते तमिळमध्ये लिहीत आणि १९९३ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानकीरामन् यांना तो १९७९ साली लघुकथासंग्रहासाठीच मिळाला होता. त्यांनीही आकाशवाणीत जाण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे शाळेत शिकविले होते. प्रत्येक वर्गातून लेखक निर्माण होणार नाहीत आणि तशी अपेक्षाही नाही. विद्यार्थ्याची पहिली कथा शिक्षकाने गुण देण्यापूर्वी वाचक म्हणून ऐकावी, एवढे मात्र प्रत्येक वर्गात शक्य आहे.