संकटाची रंगीत तालीम

(विद्यार्थ्यांच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यशाळेतील उद्घाटनपर भाषणाचा संपादित अंश)



तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे समाजाने म्हणीत जपले. आचरणात ते फारसे उतरले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. मदतीला सारा महाराष्ट्र धावला. सेवाभावात हा समाज कधी उणा पडलेला नाही. उणीव आहे ती पूर्वतयारीची.

पूर्वतयारीने काय साधते, याचे उत्तर जपानच्या एकाच किनाऱ्यावरील दोन गावांत मिळते. ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर इशिनोमाकी येथील ओकावा प्राथमिक शाळेतील मुले मैदानावर जमवली गेली. शाळेमागेच टेकडी होती. परंतु जायचे कोठे, हे आधी नेमके ठरलेले नव्हते. सुमारे ५० मिनिटे निर्णयाविना गेली. लाट आली, ७४ बालके आणि १० शिक्षक मृत्युमुखी पडले. पूर्वतयारीतील त्रुटींबद्दल स्थानिक प्रशासनाला जबाबदार धरणारा निकाल २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही कायम केला.

त्याच दिवशी कामाइशी येथे माध्यमिक शाळेची मुले सूचनेची वाट न पाहता उंचावर धावली. शेजारच्या प्राथमिक शाळेतील बालके तिसऱ्या मजल्यावर थांबली होती. थोरांना धावताना पाहून तीही निघाली. मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरले. नेमलेली जागाही असुरक्षित वाटताच सारे आणखी वर गेले. दोन्ही शाळा पाण्याखाली गेल्या. तेथून निघालेली मुले वाचली. या मुलांनी प्राध्यापक तोशिताका काताडा यांच्या मार्गदर्शनाखाली वर्षानुवर्षे सराव केला होता. गृहीतावर विसंबू नका, पराकाष्ठा करा, इतरांच्या आधी तुम्ही निघा, ही त्यांची त्रिसूत्री होती.

कार्यशाळेतील अभिरूप प्रसंगांचे मर्म हेच आहे. येथे एक गट नियंत्रण कक्ष सांभाळील, दुसरा प्रथमोपचार, तिसरा स्थलांतर. हाती येणाऱ्या चिठ्ठ्यांतील माहिती अपुरी असेल, कधी परस्परविरोधी. ऐन वेळी गटप्रमुखालाच ‘जखमी’ ठरवले जाईल आणि दुसऱ्या फळीची कसोटी लागेल. येथे चुका होतील. त्या व्हाव्यात यासाठीच हा खटाटोप आहे. तालमीतील चूक टिपणवहीत नोंदली जाते. प्रत्यक्षातील चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागते. म्हणून शेवटचे परीक्षण हा तालमीचा सर्वांत मोलाचा भाग होय.

देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये झाला. पण कागदावरील योजनेत प्राण फुंकतो तो सरावच. संघस्थानावर एका शिट्टीसरशी रांग उभी राहते, ती नित्याच्या सवयीमुळे. धैर्यही असेच सवयीने अंगी बाणते. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एवढाच प्रश्न विचारावा: या क्षणी संकट आले, तर कुटुंबाने एकत्र यायचे कोठे? उत्तर मिळेपर्यंत कार्यशाळा संपली असे समजू नये.