वाकलेल्या पत्र्याचा दंड



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यांच्या फाटकांवर अधिक झाले. म्हणून आम्ही पत्र्याविषयीच बोलतो.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना निघाला. विमानाचे अंग म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा आणि हजारो रिव्हेट. रिव्हेट ठोकला की त्याचा दांडा आखूड होऊन फुगतो, छिद्र भरतो आणि भोवतालचा पत्रा बाहेर रेटतो. एकाने पडणारा फरक डोळ्यांना दिसत नाही. ओळीत शंभर ठोकले म्हणजे पत्रा लांबतो, वाकतो. किती वाकेल, हे पत्र्याची जाडी, छिद्रातील मोकळीक, दाबाचा जोर आणि ठोकण्याचा क्रम यांवर ठरते. आज संगणक हे आधी सांगतो. एका रिव्हेटाचा ताण बारकाईने काढायचा आणि तोच सबंध पत्र्यावर जागोजाग मांडायचा.

एका कारखान्यात वाकलेल्या पत्र्यापायी कामगाराचा पगार कापला. एका टोकापासून ओळीने ठोकण्याचा हुकूम मात्र वरचा होता. आम्ही म्हटले, मधून सुरुवात करून दोन्हीकडे आळीपाळीने ठोकू द्या. वाढ कडांना मोकळी होईल. पत्रा बराच सरळ आला. पगारही परत मिळाला.

जे आधी कळू शकते, त्याचा दंड नंतर का? घडा ठोकणारा तांबट पुढच्या घावाचा परिणाम आधीच जाणतो. हाताला कळते ते संगणकाला सांगा, संगणकाला कळते ते हाताला सांगा. आमचे मागणे एवढेच.