माळरानाचा रहिवासी : माळढोक



प्राणी आणि त्यांचा परिसर हा विषय वर्गात निघाला की वाळवंटातील उंट व ध्रुवावरील अस्वल ही उदाहरणे हमखास पुढे येतात. क्वचित एखादा चौकस शिक्षक उत्तर ध्रुवसमुद्रातील नारव्हालचेही वर्णन करतो. त्याच्या कातडीखालचा चरबीचा जाड थर, बर्फाच्या छताखालून विनाअडथळा पोहता यावे अशी पर नसलेली सपाट पाठ आणि एका दमात दीड हजार मीटर खोल जाणारी बुडी ऐकून मुले थक्क होतात. ही उदाहरणे उत्तमच आहेत. परंतु सोलापूर जिल्ह्यातील मुलाने बर्फाचा समुद्र पाहिलेला नसतो, तसे वाळवंटही पाहिलेले नसते. त्याने पाहिलेला असतो तो माळ. आणि त्या माळाशी तितक्याच चिवटपणे जुळवून घेतलेला एक पक्षी ह्याच जिल्ह्यात, सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने सुमारे २० किलोमीटरवर, नान्नजच्या परिसरात राहत आला आहे. तो माळढोक होय.

माळाची परिस्थिती शिक्षकांस नव्याने सांगावयास नको. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, तोही लहरी. वीतभर मातीखाली मुरूम. मे महिन्यात चाळीस अंशांपलीकडे जाणारे ऊन. आडोसा असा नाहीच. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते आणि मधून मधून एखादी बोर वा बाभूळ. अशा उघड्या जागी मीटरभर उंचीचा, बारा-पंधरा किलो वजनाचा नर पक्षी जगतो कसा, हा प्रश्न मुलांसमोर ठेवण्याजोगा आहे.

प्रथम त्याचे पाय पाहावेत. माळढोकाच्या पायाला पुढे तीन बोटे असतात, मागचे बोट नसतेच. त्यामुळे त्यास फांदी पकडता येत नाही. तो झाडावर कधीही बसत नाही. ज्याला आयुष्यभर चालावयाचे आहे त्याला मागच्या बोटाची गरज काय? बहुतेक पक्ष्यांना पिसांस लावण्यासाठी असते ती तेलग्रंथीही ह्याच्या कुळात नाही; हे पक्षी धुळीत लोळून अंग स्वच्छ करतात, आणि माळावर धुळीला तोटा नाही. पाठीचा रंग वाळल्या गवतासारखा. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने लांडगा वा माणूस कोणत्याही अंगाने आला तरी दुरूनच दिसतो. खाण्याचे चोचले नाहीत : नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, शेतातील हरभरा व भुईमूग, जे ज्या ऋतूत मिळेल ते. पाण्याचा बराच अंश त्याला ह्या अन्नातूनच मिळतो.

त्याच्या विणीचा काळ तर माळाच्या पंचांगाशी बांधलेला आहे. पाऊस पडून गवत उगवले, किड्यांची पैदास झाली, की नर उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याखालची पिशवी फुगवतो, शेपटी उभारतो आणि 'हूम' असा घुमणारा आवाज काढतो. तो जवळजवळ अर्धा किलोमीटर ऐकू जातो. ह्या आवाजावरूनच पक्ष्यास हूम हे दुसरे नाव पडले. मादी उघड्या जमिनीवर, घरटे न बांधता, बहुधा एकच अंडे घालते व सुमारे २७ दिवस एकटीच उबवते. नर ह्या कामात वाटेकरी नसतो. जिल्ह्यात ज्वारी मुख्यतः रब्बीची. पावसाळ्यात कित्येक शेते मोकळी पडून राहत, आणि ही मोकळी राने माळाला जोडून पक्ष्याच्या उपयोगी पडत. शेतकऱ्याने हे काही पक्ष्यासाठी केले नव्हते. पण सोय झाली खरी.

आता ह्याच गुणांचे काय झाले ते पाहावे. कालव्याचे व विहिरींचे पाणी आले, ऊस उभा राहिला. दूरवर पाहून जगणाऱ्या पक्ष्यास उंच पिकात काही दिसेना. विजेच्या तारा माळावरून गेल्या. बाजूस असलेल्या डोळ्यांना अगदी समोरचे नीट दिसत नाही, आणि जड शरीर आयत्या वेळी वळवता येत नाही. म्हणून तारेला धडकून पक्षी मरतात. वर्षाला एका अंड्याची रीत शांत माळावर पुरेशी होती. कुत्री, गुरे आणि माणसे ह्यांची वर्दळ वाढल्यावर ते एक अंडेही टिकेना.

१९७९ साली सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते, म्हणजे त्यात गावे, शेते, बाजारपेठा सर्वच आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आल्याने पक्ष्याविषयी शेतकऱ्याच्या मनात अढी बसली, आणि ती अकारण नव्हती. पुढे क्षेत्र पुष्कळ कमी करण्यात आले. २०११ साली ह्या पक्ष्याची गणना जगातील अतिसंकटग्रस्त जातींत झाली. आज उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. तेथे २०१९ पासून अंडी गोळा करून, ती कृत्रिम रीतीने उबवून पिले वाढविण्याचा उपक्रम चालू आहे. नान्नजला माळढोक दिसणे ही आता दुर्मीळ गोष्ट झाली आहे.

ह्या ऱ्हासात एका शब्दाचाही वाटा आहे. माळास 'पडीक' म्हणण्याची सवय महसुली दप्तरातून पाठ्यपुस्तकात व तेथून मुलांच्या वहीत उतरली. पडीक म्हटले की तेथे काहीतरी लावले पाहिजे असे वाटू लागते. मग वनमहोत्सवाच्या दिवशी शाळेची मिरवणूक रोपे घेऊन माळावरच जाते. हेतू चांगला असतो. पण दाट झाडी वाढली की गवत हटते, नजरेचा पल्ला तुटतो, शिकारी पक्ष्यांस व कावळ्यांस बसावयास जागा मिळते, आणि माळढोकाबरोबर काळविटाचीही अडचण होते. रोपांसाठी शाळेचे आवार, गावरस्ता, ओढ्याचा काठ, शेताचा बांध ह्या जागा आहेत.

श्रावण-भाद्रपदात वर्गास माळाच्या कडेला न्यावे. हातभर दोरीचा चौकोन जमिनीवर मांडून त्यात किती जातींची गवते व किती नाकतोडे सापडतात ते मुलांनी मोजावे, व तीच मोजणी शेजारच्या उसाच्या बांधावर करावी. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. अभयारण्याच्या आत मात्र ह्या दिवसांत मुलांना नेऊ नये. माणसाच्या चाहुलीने मादी अंड्यावरून उठली, तर कावळ्यास तेवढी सवड पुरते.