श्रुताचे जतन : ताडपत्रापासून संगणकापर्यंत
(सुवर्णमहोत्सव समारंभातील भाषणाचे शब्दांकन)



मी कापडाचा व्यापारी. शिक्षण वाणिज्य शाखेच्या पदवीपर्यंत. संगणकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु रोजकीर्द आणि खतावणी सांभाळण्यात आयुष्य गेले असल्याने, नोंद टिकवणे म्हणजे काय याची थोडी जाण आहे. त्या बळावरच आपणापुढे उभा आहे.

स्मरणशक्ती क्षीण होत चालली, श्रुतज्ञान लुप्त होईल, या चिंतेने धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या मुनिद्वयास गिरनारच्या गुंफेत ते ज्ञान दिले आणि षट्खंडागम लिपिबद्ध झाला, ही कथा आपण दर श्रुतपंचमीला ऐकतो. त्या ग्रंथाचे पुढे काय झाले हे मात्र फारसे सांगितले जात नाही. वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेसह तो शतकानुशतके मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत, जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रांवर राहिला. यात्रेकरू दुरून दर्शन घेत. वाचणारा क्वचितच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि आपल्या सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी तेथे जाऊन ताडपत्रांची अवस्था पाहिली आणि त्यांच्या प्रती करविण्याचा उद्योग आरंभला. तिन्ही सिद्धांतग्रंथांचे ते काम पाव शतकाहून अधिक काळ चालले.

त्यातील एक प्रत मूडबिद्रीबाहेर सहारनपूरला पोहोचली आणि तिच्या आणखी प्रती अन्यत्र गेल्या. त्या कशा बाहेर पडल्या याविषयी तेव्हा बरीच कुरबुर झाली. तथापि, अशाच प्रतींच्या आधारे प्रा. हिरालाल जैन यांनी १९३९ साली अमरावतीहून धवलेचा पहिला खंड प्रसिद्ध केला व यथावकाश सोळा खंड पूर्ण झाले. पुढे सुधारित आवृत्त्या आपल्याच गावच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने काढल्या. मला तर वाटते, एका कुलपात ठेवलेल्या ग्रंथापेक्षा चार गावांत असलेला ग्रंथ अधिक सुरक्षित असतो.

आता आपल्या घरचे पाहू. पंचवीस वर्षांपूर्वीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर संगणकावर जुळवून फ्लॉपीवर ठेवला होता. प्रस्तुत अंकासाठी त्या फ्लॉप्या बाहेर काढल्या. वाचणारे यंत्र महत्प्रयासाने मिळाले. पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली. कारण त्या काळी प्रत्येक मराठी फॉण्टची सांकेतिक मांडणी निराळी असे. तो फॉण्ट गेला की मजकूर मुका. माझ्या आजोबांच्या मोडीतील वह्यांची हीच गत आहे. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. युनिकोडमुळे हे संकट बरेच टळले आहे, कारण त्यात अक्षराचा संकेत फॉण्टवर अवलंबून नसतो. स्मरणिकेची छापील प्रत होती म्हणून निभावले.

संस्थेच्या संकेतस्थळाची छापील प्रत नव्हती. त्यावर समाजातील कुटुंबांच्या वंशावळी होत्या, पंचकल्याणक महोत्सवाची छायाचित्रे होती, दिवंगत ज्येष्ठांच्या आठवणी होत्या. ज्या तरुणाने ते हौसेने उभारले तो नोकरीनिमित्त परगावी गेला, नावनोंदणीची मुदत कोणाच्या ध्यानी न येता संपली आणि ते पत्त्यासह नाहीसे झाले. त्या आठवणी लिहून देणाऱ्यांपैकी काही जण आज हयात नाहीत.

हे केवळ आपल्याच बाबतीत घडले असे नव्हे. जिओसिटीज ही अवाढव्य वसाहत २००९ साली बंद झाली, ऑर्कुट २०१४ साली. फुकट मिळालेली जागा मालक केव्हा रिकामी करावयास सांगेल याचा नेम नाही, हे पेठेतल्या भाडेकरूस वेगळे सांगावयास नको! सॅन फ्रान्सिस्को येथील इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरच्या संकेतस्थळांच्या प्रती साठवीत आली आहे. २००१ पासून त्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात, आणि एखादे पान आपण होऊन तेथे जतनासाठी देताही येते. आपल्या संकेतस्थळाची काही पाने तेथेच मिळाली, छायाचित्रांविना. परंतु त्या संस्थेवरही ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ला झाला व काही दिवस तिचे काम ठप्प होते. तेव्हा सर्व भार तिच्यावर टाकून चालणार नाही.

श्रुतपंचमीला आपण शास्त्रभांडार उघडतो, ग्रंथ झटकतो, वेष्टने बदलतो. (जाता जाता एक धंद्यातील गोष्ट : वेष्टनाचे कापड धुऊन, खळ काढूनच वापरावे. खळीला कीड लागते.) त्याच दिवशी संस्थेची संगणकीय दप्तरेही उघडून पाहिली जावीत, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक फाइल खरोखर उघडते का हे पाहावे. जुनी साधने बाद होण्यापूर्वी मजकूर नव्यावर उतरवावा. तीन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक सोलापूरबाहेर, आपल्या पुण्याच्या वा मुंबईच्या बांधवांकडे असावी. छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून घेऊ नयेत, तेथे ती आकसतात. मूळ फाइल मागावी आणि चित्रात कोण, कोठे, केव्हा हे लगेच लिहावे. नावे सांगणारी माणसे आहेत तोवरच हे होणार आहे.

संकेतस्थळाची मुदत, परवलीचे शब्द आणि देयके यांची नोंद एका वहीत करून ती वही विश्वस्तांच्या तिजोरीत ठेवावी. या कामासाठी एक ज्येष्ठ व एक तरुण अशा दोघांची नेमणूक आजच्या सभेत व्हावी. पहिल्या वर्षीच्या हार्ड डिस्कचा खर्च मी देतो. जय जिनेंद्र.