भातुकली आणि बालवाडी



व्याख्यानमालेत मोठमोठे विषय निघतात; आम्ही आज भातुकलीविषयी बोलणार आहोत. विषय पोरकट वाटेल, पण त्यावरून आपल्या सोलापुरात पुष्कळ घरांत कुरबूर चालते. “बालवाडीत नुसते खेळतात, अक्षरे कधी शिकवणार?” असे पालक विचारतात. ज्या घरात आई बिड्या वळते आणि बाप यंत्रमागावर उभा असतो, त्या घरातील ही तळमळ हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिला उत्तर दिले पाहिजे.

सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पाहून आलेले मूल घरी काठी उभी धरून मिरवू लागते. काठी ही काठीच आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. तरीही ती त्याच्यापुरती नंदीध्वज झालेली असते. रशियन मानसशास्त्रज्ञ विगॉट्स्की यांनी 1933 सालच्या एका व्याख्यानात नेमके हेच सांगितले. काठीला घोडा मानणारे मूल वस्तूपासून अर्थ वेगळा काढायला शिकते, असे त्यांचे म्हणणे. आता पाटीवरचा ‘क’ घ्या. त्या वाकड्या रेघेत क कोठे आहे? ती रेघ एका ध्वनीच्या जागी उभी आहे, इतकेच. एकाच्या जागी दुसरे मानण्याची ही सवय मुलाला भातुकलीत लागते. म्हणून हा खेळ अक्षराचा वैरी नव्हे; तो त्याचा थोरला भाऊ आहे.

दुसरी गोष्ट शिस्तीची. मांडीवर सूप घेऊन खोट्या बिड्या वळणारी मुलगी मध्येच उठून पळत नाही, कारण ‘आई’ तशी पळत नाही. बिड्या तपासणारा झालेला मुलगा सगळ्याच पास करीत नाही. मोठ्यांनी दटावूनही जे मूल क्षणभर बसत नाही, तेच येथे आपणहून नियम पाळते.

तिसरी गोष्ट भाषेची. आपल्या गावात कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी उर्दू. खोटे दुकान मांडले की गिऱ्हाइकाला मागावे लागते आणि दुकानदाराला उत्तर द्यावे लागते. अशा वेळी मराठी शब्द मूल गरजेपोटी उचलते. ते घोकावे लागत नाहीत.

याला विरोधही झाला आहे. माँटेसरीबाई 1939 साली हिंदुस्थानात आल्या; मुलाला खोट्या चुलीपेक्षा खरे काम द्यावे, असा त्यांचा कल होता. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीस आणि पुढे 1957 पासून कोसबाडला त्यांची पद्धत आपल्या मातीत रुजवली. महागड्या साधनांऐवजी खडे, शंखशिंपले, बिया त्यांनी वापरल्या. मूल शाळेत येईना, तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. खरे काम आणि खोटा खेळ यांत भांडण लावण्याचे कारण नाही. मुलाला दोन्ही हवीत.

आम्ही अतिशयोक्तीही करणार नाही. अशा खेळाने बुद्धी वाढतेच, असा पुरावा भक्कम नाही, असे अमेरिकेतील संशोधकांनी 2013 साली जुन्या प्रयोगांची छाननी करून दाखवले. तथापि लवकर पाटी हातात दिल्याने मूल पुढे जाते, हेही त्यावरून सिद्ध होत नाही. आणि चार वर्षांच्या जिवाचा आनंद ही काही किरकोळ वस्तू नव्हे.

यास खर्च नाही. वर्गाचा एक कोपरा, जुने लुगडे, रिकामे डबे, फुटके सूप, बंद पडलेला फोन पुरे. बाईंनी खेळ पाहावा, बोलावले तर पाहुणी म्हणून जावे. हुकूम सोडू नये. आणि पालकांनी इतकेच करावे, की त्या एका तासाच्या बदली पाटीचा आग्रह धरू नये. अक्षरे येतील, त्यांना पुढे सारे आयुष्य पडले आहे. भातुकलीचे वय मात्र दोन-चार वर्षांत सरते.